श्रद्धा : पळवाट की वाट?

यंदा आपल्या वाङ्मय मंडळाने घेतलेल्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘श्रद्धा ही दुबळ्या मनाची पळवाट आहे’. सभागृह खचाखच भरले होते. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याने पहिले बक्षीस मिळवले, आणि ते त्याला मिळावयासच हवे होते. त्याचे मुद्दे नेटके होते, भाषा स्वच्छ होती. शेवटी परीक्षकांकडे न पाहता श्रोत्यांकडे पाहून त्याने एक प्रश्न टाकला. २०२१ साली घराघरांतून इतक्या प्रार्थना झाल्या; त्यांतल्या किती जणांची माणसे परत आली? आणि ज्यांची आली नाहीत, ते आज कोणत्या विश्वासाने पुन्हा हात जोडतात?

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागच्या बाकावर बसले होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण उठून उत्तर देण्याचे धैर्यही मला झाले नाही. ज्यांची माणसे परत आली नाहीत आणि जी तरीही हात जोडतात, अशांपैकी मी एक आहे. तेव्हा हा प्रश्न मला नवा नव्हता. तो माझ्या घरात पाच वर्षे राहत आहे. त्या दिवशी जे बोलता आले नाही ते आता सावकाश लिहून पाहते. यात कोणाला जिंकण्याचा हेतू नाही.

एप्रिल २०२१ मध्ये आमची दहावीची परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली, त्या आठवड्यात माझे वडील ऑक्सिजनवर होते. आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. मंडळीतल्या लोकांनी फोनवरून साखळी करून रात्रंदिवस प्रार्थना केली. एकाने संपवली की दुसऱ्याने सुरू करायची. मीही केली. जितक्या मनापासून मी ती केली तितक्या मनापासून आयुष्यात काही मागितले नसेल. नवव्या दिवशी वडील गेले. दफनविधीला आम्ही मोजकी माणसे होतो. पाळकसाहेब लांब उभे राहून पवित्र शास्त्रातला उतारा वाचत होते, आणि मास्कमुळे त्यातले अर्धे शब्द ऐकू येत नव्हते.

त्यानंतर सात-आठ महिने मी प्रार्थना केली नाही. माझी श्रद्धा उडाली होती असे म्हणता येणार नाही. मला राग आला होता. नाही त्याच्यावर माणूस रागावत नाही, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या काळात भेटायला येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलत, ‘देवाची इच्छा’. ते प्रेमाने बोलत, यात शंका नाही. परंतु त्या वाक्याने माझा राग वाढत असे. माझ्या बापाला श्वास न मिळणे ही जर कोणाची इच्छा असेल, तर त्याच्यापुढे मी गुडघे का टेकावेत? आमच्या त्या वक्त्याने आज जे विचारले तेच मी तेव्हा विचारीत होते. फरक इतकाच, की मला टाळ्या मिळत नव्हत्या.

येथे एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. श्रद्धा पुष्कळदा पळवाट असते, हे त्याचे म्हणणे खरे आहे. औषधे बंद करा, फक्त विश्वास ठेवा, असे सांगणारे आमच्यातही भेटतात. दुःखी माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे म्हणून त्याच्याच माथी दोष मारणारेही भेटतात. ही पळवाट तर आहेच, शिवाय क्रूरपणाही आहे. परंतु एखाद्या वस्तूचे खोटे नाणे बाजारात चालते, एवढ्यावरून खरे नाणे अस्तित्वात नाही असा निष्कर्ष निघत नाही. प्रश्न एवढाच, की खरे कोणते हे ओळखायचे कसे?

मी पहिल्यांदा उत्तर शोधले ते पवित्र शास्त्रात. तेथे मला एक आश्चर्य भेटले. लहानपणापासून ऐकलेले ते पुस्तक संकटात माणसाला गप्प बसायला सांगत नाही, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. जुन्या करारात ईयोब नावाच्या माणसाचे एक अख्खे पुस्तक आहे. त्याची मुले जातात, संपत्ती जाते, अंगभर फोड उठतात. त्याचे तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस व सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. मित्रांनी केलेले शहाणपणाचे काम तेवढेच! आठव्या दिवसापासून ते त्याला समजावू लागतात, की तुझ्या हातून काही पाप घडले असेल, देव अन्याय करीत नाही. ईयोब ऐकत नाही. तो देवाला जाब विचारतो, स्वतःच्या जन्माच्या दिवसाला शिव्या घालतो. आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो कोणावर? ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडणाऱ्या त्या तीन मित्रांवर. ईयोब योग्य ते बोलला असा निर्वाळा स्वतः देव देतो. ‘देवाची इच्छा’ म्हणणाऱ्यांवर मी रागावले होते त्याला शास्त्राचा एवढा मोठा आधार असेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

स्तोत्रसंहितेतही तेच. स्तुतीची स्तोत्रे आपण ऐकतो. पण किती तरी स्तोत्रे निव्वळ गाऱ्हाणी आहेत. आणि या सर्वांचा कळस म्हणजे प्रभु येशूचे शेवटचे दोन दिवस. गेथशेमाने बागेत त्याने प्रार्थना केली, की हे दुःख माझ्यापासून दूर होऊ दे. ते दूर झाले नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावरून त्याने मोठ्याने विचारले, की तू माझा त्याग का केलास. म्हणजे ज्याच्या नावाने आम्ही प्रार्थना करतो त्याचीच एक प्रार्थना मान्य झाली नाही. ज्याला आम्ही देवाचा पुत्र म्हणतो त्याच्याच ओठी ‘का?’ हा प्रश्न होता. ख्रिस्ती धर्माने ही गोष्ट लपवून ठेवलेली नाही, दर उत्तम शुक्रवारी ती चर्चमध्ये मोठ्याने वाचली जाते. संकट येणार नाही अशी हमी हा धर्म देत नाही. हमी असलीच तर एवढीच, की त्या प्रश्नात तुम्ही एकटे नाही.

पण पुस्तकातले एक, आणि माणसाच्या जगण्यातले एक. शास्त्रवचने कोणीही सांगेल. ती कोणाच्या आयुष्यात उतरली आहेत काय? हा प्रश्न घेऊन मी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले, आणि तेथे मला दोन मराठी बाया भेटल्या.

पहिल्या पंडिता रमाबाई. त्यांचे नाव आपण शालेय पुस्तकातल्या दोन-चार ओळींत वाचतो आणि पुढे जातो. त्यांच्यावर आलेली संकटे एकापुढे एक मांडली तर वाचवत नाहीत. १८५८ मध्ये जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान; मुलीला व पत्नीला संस्कृत शिकवणारे. सारे कुटुंब पुराण सांगत तीर्थांमागून तीर्थे करीत हिंडले. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. त्यात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. उरलेली दोन भावंडे पायी देश तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पाठोपाठ १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांचे मूल, मागे माहेर नाही, पुढे सासर नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे आमचा वक्ता म्हणेल, ‘पाहा, दुःखाने खचलेली विधवा, मिळाला तो आधार धरला.’ वरवर पाहता कोणालाही तसेच वाटेल. परंतु त्यांच्या आत्मकथनात कारण वेगळे दिसते. लंडनच्या फुलम भागात भगिनींच्या एका संस्थेत वाट चुकलेल्या स्त्रियांना आसरा दिला जात असे. ज्यांना समाजाने टाकले त्यांना त्या भगिनी इतक्या मायेने वागवतात, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. असे का करता, म्हणून त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. स्वतःच्या दुःखावर फुंकर शोधताना नव्हे, तर दुसऱ्यांच्या दुःखाला हात घालणारी माणसे पाहून त्यांचे मन वळले. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आणि श्रद्धा स्वीकारल्याने त्यांनी विचार करणे सोडले असेही नाही. त्या मांसाहाराला शिवल्या नाहीत. वाँटेजच्या मठातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्या देशाची संस्कृत का नको, म्हणून त्या भांडल्या. ज्यांनी त्यांना धर्म शिकवला त्या सिस्टर जेराल्डीनलाच त्यांनी लिहून कळवले, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी आताच कुठे सुटले आहे, दुसऱ्याच्या जोखडात मान अडकविण्याची माझी तयारी नाही. पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी उपायांत स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर आवाज उठवला. राज्यकर्त्यांचा आणि त्यांचा धर्म एक होता, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. पळवाट शोधणारे मन असे असते काय?

बरे, ख्रिस्ती झाल्यावर त्यांची संकटे संपली काय? मुळीच नाही. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टर होण्याचे स्वप्न सोडावे लागले. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. बाया कर्वे म्हणून पुढे ज्यांना आपण ओळखतो, त्या महर्षी कर्वे यांच्या पत्नी येथल्याच विद्यार्थिनी. परंतु १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचे संस्कार होतात म्हणून मोठे वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणण्यासारखे होते, हे मी प्रामाणिकपणे मानते. पालकांची धास्ती अगदीच निराधार नव्हती. पण रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर आपल्याच माणसांत त्या एकट्या पडल्या, हे खरे. आणि शेवटी १९२१ च्या जुलैत, जिच्यावर सर्व कामाचा भार सोपवायचा ती मनोरमा आईच्या आधी गेली. आई-वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी! त्यानंतर नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

श्रद्धा म्हणजे संकटाविरुद्धचा विमा असे मानले, तर रमाबाईंचा हिशेब साफ बुडालेला आहे. त्यांच्या वडिलांची श्रद्धा दुष्काळात कामी आली नाही, म्हणून जर ती खोटी ठरवायची, तर त्याच मापाने लेकीची श्रद्धाही खोटी ठरेल. मग मिळाले काय?

त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आहे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाई तेथे गेल्या. ज्या बाईने वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी भुकेने आई-बाप मरताना पाहिले होते, तिला दुष्काळ हा शब्द वर्तमानपत्रातला शब्द नव्हता. त्यांनी शेकडो अनाथ मुली व विधवा केडगावला आणल्या. विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम, छपाई, तेलघाणा असे उद्योग सुरू केले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. मनोरमाने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. आणि हे सारे चालवत असताना रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करीत होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते पूर्ण छापून झाले. मुक्ती मिशनचे काम केडगावला आजही चालू आहे. नगरहून पुण्याला जाणारी आमची गाडी दौंडवरून केडगाव स्टेशनातून जाते. कितीदा तरी मी तेथून खिडकीबाहेर न पाहता गेले असेन!

म्हणजे श्रद्धेने रमाबाईंचे दुःख काढून घेतले नाही, तर त्या दुःखाला काम दिले. स्वतःच्या भुकेची आठवण माणसाला कडवट करू शकते, कंजूष करू शकते, वेडही लावू शकते. रमाबाईंच्या बाबतीत तीच आठवण दोन हजार ताटे वाढायला उभी राहिली. हे बळ कोठून आले असे त्यांना विचारले असते तर त्यांनी एकच नाव सांगितले असते. आपण ते नाव मानावे किंवा न मानावे. पण ज्याला पळवाट म्हणतात ती माणसाला संकटापासून दूर नेते, आणि ही वाट रमाबाईंना दुष्काळाच्या प्रदेशात घेऊन गेली, एवढे तरी मान्य करावे लागेल.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. यांची गोष्ट रमाबाईंच्या उलट आहे, म्हणून मला ती जास्त जवळची वाटते. रमाबाई पंडिता, तर लक्ष्मीबाईंचे शिक्षण बेताचे. रमाबाईंनी धर्म स्वतः शोधून घेतला; लक्ष्मीबाईंवर तो आकाशातून वीज पडावी तसा पडला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले. सनातनी घरात वाढलेल्या, कडक सोवळ्यातल्या या बाईला नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या दिवसांचे जे वर्णन आहे ते वाचताना हसावे की रडावे कळत नाही, कारण स्वतःच्या वेदनेकडेही ही बाई मिस्कीलपणे पाहते. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा हेच मुळात त्यांच्यावरचे संकट होते! आम्हां ख्रिस्ती लोकांनी हे विसरू नये. आमच्या आनंदाची बातमी एखाद्या घरात दुःख घेऊनही येते.

अशा या बाईने १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पतीच्या आज्ञेवरून नव्हे, किंवा वादात हरूनही नव्हे. आधी त्यांच्या मनातून सोवळेओवळे गेले. माणूस माणसापासून जातीने दूर नाही, ही गोष्ट एकदा पटल्यावर बाकीच्या गोष्टी हळूहळू आल्या. पुढे त्यांच्या घराचे दार पोरक्या मुलांना उघडेच असे. बालकवी ठोंबरे नगरला याच घरात राहिले, आणि त्यांना कोणी ख्रिस्ती हो म्हटले नाही. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. थोडेच अध्याय झाले होते. बाकीचे बहुतेक सर्व अध्याय या बेताच्या शिकलेल्या विधवेने लिहिले. ज्या धर्माने तिचा संसार मोडला होता, त्याच्याच संस्थापकाचे चरित्र तिने ओवीबद्ध केले. यातला प्रवास किती मोठा आहे, याचा विचार मी अजूनही करते.

आता एक आक्षेप घरचाच आहे. आम्हां नगरकडच्या ख्रिस्ती मुलांना शाळेत एक टोमणा हमखास ऐकावा लागतो, ‘तुम्ही दुष्काळात पोटासाठी बाटलात.’ माझ्या पणजोबांचे वडील १८९९-१९०० च्या दुष्काळात ख्रिस्ती झाले, असे घरी सांगतात. तेव्हा टोमणा सर्वस्वी खोटा आहे असे मी म्हणणार नाही. उपाशी माणूस जेथे भाकरी मिळते तेथे जातो. आणि त्याला गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांनी त्याला हसावे, हे काही शोभत नाही. परंतु भाकरीने माणूस का आला याचे उत्तर मिळते; तो का राहिला याचे मिळत नाही. दुष्काळ संपला, मिशनच्या शाळा आणि नोकऱ्या कमी झाल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले दलित आजही त्याबाहेर आहेत. म्हणजे पोटाचाच हिशेब असता तर परत जाण्यात फायदा होता. तरी माझी आजी दर रविवारी तीन मैल चालत उपासनेला जात राहिली. टिळकांची भजने तिला पाठ होती, लिहिता-वाचता येत नव्हते. तिला त्यातून काय मिळत होते? माझ्या समजुतीप्रमाणे, ज्या जगात तिला कोणी ‘अहो’ म्हणत नव्हते, तेथे तिला नावाने ओळखणारा कोणी तरी आहे, ही खात्री. ही खात्री कमी प्रतीची आहे असे म्हणण्याचा अधिकार, जन्मभर ज्यांना सगळ्यांनी ‘अहो’ म्हटले, त्यांना नाही.

आणखी एक आक्षेप प्रामाणिकपणाचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. ईश्वर न मानणारी माणसेही संकटात ताठ उभी राहतात. गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. दम्याने जर्जर झालेला देह, गरिबी, आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याचा प्रसंग. तरीही १८९५ मध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. तेव्हा धैर्याचा मक्ता आम्हा ख्रिस्ती लोकांकडे, किंवा एकूणच श्रद्धाळू लोकांकडे आहे, असे म्हणणे हा अहंकार होईल. माझे म्हणणे एवढेच आहे, की श्रद्धा दुबळ्यांनाच लागते हे खरे नाही, आणि श्रद्धेने माणूस दुबळा होतो हेही खरे नाही. कसोटी लावायचीच तर ती अशी लावावी : ही श्रद्धा माणसाला कोठे नेते? दार लावून कोपऱ्यात बसवते, की दार उघडून शेजाऱ्याच्या उंबऱ्याकडे नेते? पहिली पळवाट. दुसरी वाट. आगरकरांची अश्रद्धाही याच कसोटीवर उतरते, म्हणून ते मला परके वाटत नाहीत.

ही कसोटी मी पुस्तकातून काढली असे वाचकांना वाटेल. पण खरे म्हणजे ती मी आमच्या स्वयंपाकघरात पाहिली आणि तिचा अर्थ मात्र पुस्तकांनी सांगितला. वडील गेल्यावर आई तीन आठवडे जवळजवळ बोललीच नाही. कोणी ‘देवाची इच्छा’ म्हणाले की ती उठून आत जाई. चौथ्या आठवड्यात आमच्या गल्लीतले एक कुटुंब सगळेच्या सगळे आजारी पडले. त्या दिवशी पहाटे भांड्यांच्या आवाजाने मला जाग आली. आई पोळ्या करीत होती, आमच्या दोघींना लागतील त्याहून पुष्कळ जास्त. मी चिडून म्हणाले, ‘आई, आपल्याच घरात एवढे झाले, आणि तू डबे कसले करतेस?’

ती म्हणाली, ‘आपल्याकडे झालं तेव्हा पलीकडच्या काकू दारात डबा ठेवून जात होत्या. तेवढंच जेवलो आपण. विसरलीस का?’

थोड्या वेळाने तिने पोळी तव्यावर टाकता टाकता, माझ्याकडे न पाहता विचारले, ‘त्याने तुझ्या बाबांना का नेलं, हे मी रोज विचारते त्याला. तो सांगत नाही. पण तोवर स्वयंपाक तर करायला पाहिजे ना?’

त्या दिवशी डबा पोहोचवायला मी गेले. दारात ठेवला, घंटी वाजवली आणि दूर उभी राहिले. आतून एका लहान मुलाने डबा उचलला. एवढीच गोष्ट. त्यात चमत्कार काही नाही. प्रार्थना मी त्या रात्री लगेच सुरू केली असेही नाही. त्याला आणखी काही महिने गेले. पण रमाबाईंचे चरित्र जेव्हा मी वाचले तेव्हा केडगावच्या विहिरी मला ओळखीच्या वाटल्या, कारण आमच्या गल्लीतल्या त्या डब्याशी त्यांचे नाते होते.

तेव्हा माझ्या त्या विद्वान मित्राला मी एवढेच सांगेन, की तुझा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. माझे वडील परत का आले नाहीत, हे मला ठाऊक नाही. ते मला कोणी पाळकाने सांगितलेले नाही, आणि सांगितले असते तर मी मानलेही नसते. पण ‘कोणत्या विश्वासाने पुन्हा हात जोडता’, या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला मात्र मी उत्तर देऊ शकते. मागितलेले मिळेल या विश्वासाने आम्ही हात जोडत नाही. ज्याने स्वतः मागितले आणि ज्याला स्वतःला मिळाले नाही, तो आमचे ऐकतो, या विश्वासाने जोडतो. आणि हात जोडून झाले की ते सोडावे लागतात, कारण पुढे काम असते.

वादविवाद स्पर्धेत याला किती गुण मिळाले असते, मला माहीत नाही. बहुधा थोडेच. परंतु पुढल्या वर्षी मंडळाने हाच विषय पुन्हा ठेवला, तर मी मागच्या बाकावर बसणार नाही.